देशाची ऊर्जा कार्यक्षमता मोजायची कशी? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरातून घरगुती उपकरणांवरच्या ताऱ्यांच्या लेबलांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुनःपुन्हा डोकावतो. एका फ्रिजची किंवा पंख्याची कार्यक्षमता प्रयोगशाळेत मोजता येते, हे समजले. पण सबंध देश ऊर्जा नीट वापरतो की वाया घालवतो, हे कोणत्या मापाने ठरवायचे, आणि ते माप हाती धरून सरकारने विकासाची दिशा आखावी इतके ते खात्रीचे आहे का? कारखान्यांच्या आणि पाणीपुरवठा योजनांच्या ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. निवडक पत्रांना या वेळी जरा विस्ताराने उत्तरे देत आहे.

प्रश्न : भारताची ऊर्जा तीव्रता सातत्याने घटत असल्याचे सरकारी अहवालांत वाचते. ऊर्जा तीव्रता घटली म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता वाढली, असे विद्यार्थ्यांना शिकवावे का? (अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, अमरावती)

तसे शिकवू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. कारण सांगण्याआधी माप काय आहे ते पाहू.

देशाने वर्षभरात वापरलेली एकूण ऊर्जा भागिले त्या वर्षीचे सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे ऊर्जा तीव्रता. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय दर वर्षी ऊर्जेची आकडेवारी प्रसिद्ध करते, तिच्यात ती एका रुपयामागे इतके मेगाज्यूल अशी दिलेली असते आणि रुपया स्थिर किमतींचा, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, धरलेला असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांपैकी सातव्या उद्दिष्टाखाली ७.३ क्रमांकाचे लक्ष्य आहे : ऊर्जा कार्यक्षमता सुधारण्याचा जागतिक वेग २०३० पर्यंत दुप्पट करणे. तो वेग मोजण्यासाठी निवडलेले मापही ऊर्जा तीव्रता हेच आहे. १९९० ते २०१० या काळात जगाची ऊर्जा तीव्रता वर्षाला सरासरी १.३ टक्क्यांनी घटत होती, म्हणून लक्ष्य २.६ टक्क्यांचे ठरले. ते गाठले गेले नाही, तूट साचत गेली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत देशांनी हा वेग २०३० पर्यंत ४ टक्क्यांच्या वर नेण्याचे मान्य केले. त्या वर्षी प्रत्यक्षातला वेग १ टक्क्याच्या आसपास होता. भारताने पॅरिस करारानुसार दिलेले वचनही याच घडणीचे आहे : २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्पादनाच्या दर रुपयामागचे उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करायचे. म्हणजे छेद तोच, अंशस्थानी ऊर्जेऐवजी उत्सर्जन.

आता अडचण पाहा. एका तालुक्यात दोनच व्यवसाय आहेत असे समजू. फाउंड्रीवाले १०० रुपयांचे उत्पादन काढायला १० एकक ऊर्जा घेतात. दुकाने, दवाखाने, संगणकाची कार्यालये मिळून १०० रुपयांच्या उत्पादनाला २ एकक घेतात. एकूण २०० रुपयांना १२ एकक, म्हणजे तीव्रता ०.०६. पाच वर्षांनी फाउंड्री जशीच्या तशी आहे, तीच भट्टी, तोच अपव्यय; सेवाक्षेत्र मात्र दुप्पट झाले. आता ३०० रुपयांना १४ एकक लागतात आणि तीव्रता ०.०४७ वर येते. २२ टक्क्यांची घट झाली, आणि तालुक्यात एकाही यंत्राची कार्यक्षमता तसूभर सुधारलेली नाही. उलटेही करून पाहा. फाउंड्रीने भट्टी बदलली, १०० रुपयांना १० ऐवजी ९ एकक लागू लागले, मागणी आली आणि तिचे उत्पादन दुप्पट झाले. सेवाक्षेत्र होते तेवढेच राहिले. आता ३०० रुपयांना २० एकक, तीव्रता ०.०६७. ज्या तालुक्याने खरोखर मेहनत केली, त्याचा आकडा ११ टक्क्यांनी वाढला.

म्हणून तीव्रतेतल्या बदलाचे तीन भाग वेगळे काढावे लागतात : काम किती वाढले, कामाचे स्वरूप किती बदलले आणि तेच काम किती चांगले होऊ लागले. यासाठी अर्थशास्त्रज्ञ विघटनाची पद्धत वापरतात. तिचे गणित लॉगरिदमवर उभे असले, तरी मूळ कल्पना वरच्या तालुक्याएवढीच सोपी आहे. तिसरा भाग तेवढा कार्यक्षमतेचा. भारताच्या एकूण मूल्यवर्धनात सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्याहून अधिक आहे, त्यामुळे आपल्या बाबतीत दुसरा भाग डोळ्याआड करणे मुळीच परवडणारे नाही. आपल्या विद्यार्थ्यांकडून हे तालुक्याचे गणित फळ्यावर करून घ्यावे. वेगवेगळे आकडे घालून पाहिले की मुद्दा पक्का बसतो.

प्रश्न : आमच्या भागातल्या पाड्यांवर बऱ्याच घरांत गॅस आला, पण सिलिंडर परवडत नाही म्हणून काही बाया पुन्हा चुलीकडे वळल्या आहेत. जंगलातून आणलेले सरपण देशाच्या ऊर्जेच्या हिशेबात धरतात का? (प्राथमिक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

गुरुजी, आपल्या प्रश्नाने या विषयाची सर्वांत नाजूक जागा दाखवली आहे.

सरपण कोण मोजतो त्यावर ते धरले जाते की नाही हे ठरते. आपल्याकडील ऊर्जेची अधिकृत आकडेवारी मुख्यतः कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि वीज या विकत घेतल्या-दिल्या जाणाऱ्या ऊर्जेवर उभी आहे. आंतरराष्ट्रीय संस्था मात्र लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांचाही अंदाज बांधून तो एकूण ऊर्जेत मिळवतात. या एका फरकाने काय होते, ते एका सिलिंडरवर पाहू.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातून साधारण दीड लाख किलोकॅलरी उष्णता मिळते, आणि शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्यांतल्या ९० हजारांच्या आसपास खरोखर भांड्याला लागतात. पारंपरिक चुलीत १० ते १५ टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते, बाकीची धूर आणि झळ होऊन जाते. तेवढाच स्वयंपाक चुलीवर करायचा तर सुमारे २०० किलो सरपण लागते. म्हणजे एक सिलिंडर २०० किलोंची मोळी वाचवतो. ती मोळी कोणाच्या डोक्यावरून येते, हे मी आपल्याला सांगायला नको.

आता हिशेब कसा वागतो पाहा. सरपण धरले असेल, तर चुलीवरून गॅसवर आलेल्या घराची ऊर्जा एका झटक्यात पाचव्या हिश्श्यावर येते आणि देशाची तीव्रता घटते. सरपण धरलेच नसेल, तर तेच घर कालपर्यंत शून्य ऊर्जा वापरत होते आणि आज गॅस वापरू लागले असे दिसते. देशाची तीव्रता वाढते. स्वयंपाक तोच, बाई तीच, फायदाही खराच, पण एका हिशेबात प्रगती आणि दुसऱ्यात अधोगती. १ मे २०१६ पासून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत जोडणी पोहोचली, तेव्हा हा फरक किरकोळ राहत नाही. आणि आपण सांगता तसे, एखादी बाई पुन्हा चुलीकडे वळली, तर ज्या आकडेवारीत सरपण नाही तिच्यात देश ‘सुधारला’ असे उमटेल. हे मला फार खुपते. म्हणून स्वयंपाकाच्या ऊर्जेचे माप जोडण्यांच्या संख्येवर घेऊ नये. घरामागे वर्षाला किती सिलिंडर भरून घेतले गेले त्यावर घ्यावे, आणि नमुना पाहणीत चूल पेटते का हेही विचारावे.

असाच खेळ विजेच्या हिशेबातही होतो. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. औष्णिक केंद्रात ते युनिट तयार करायला कोळशाच्या साधारण २,४५० किलोकॅलरी खर्ची पडतात, म्हणजे कार्यक्षमता ३५ टक्के. सौर विजेला जाळायचे काही नसल्याने प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीत तिचे एक युनिट ८६० किलोकॅलरीच धरले जाते. म्हणजे कोळशाच्या जागी सौर वीज आली, की कुठल्याही ग्राहकाने काहीही न बदलता देशाची प्राथमिक ऊर्जा, म्हणजे कोळशासारख्या मूळ रूपात मोजलेली ऊर्जा, घटलेली दिसते. सौर वीज हवीच आहे. परंतु तिचे श्रेय कार्यक्षमतेच्या खात्यावर जमा होऊ नये. त्यासाठी ग्राहकाच्या दारापर्यंत पोहोचलेली अंतिम ऊर्जा वेगळी मोजावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत.

प्रश्न : माझ्या विहिरीवर ५ अश्वशक्तीची मोटर आहे, मीटर नाही. शेतीला किती वीज लागते हे सरकार मग कशावरून सांगते? आणि मीटर लावला तर उद्या बिल येणार नाही कशावरून? (डाळिंब बागायतदार, सांगोला)

अंदाजावरून सांगते. मीटर नसलेल्या पंपांची जोडभाराची अश्वशक्ती घ्यायची, वर्षाला पंप इतके तास चालला असे धरायचे आणि गुणाकार करायचा. काही निवडक फीडरवरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांवरची, मोजणी त्याला आधार म्हणून घेतात. देशातल्या एकूण वीजवापरात शेतीचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो, त्यातला मोठा भाग असा गुणाकाराने आलेला आहे.

हा गुणाकार किती डळमळीत असतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. सोलापूर जिल्ह्यातच एका विहिरीवर स्टार्टरची पेटी उघडून तिन्ही तारांना आळीपाळीने टाँग टेस्टर, म्हणजे तारेतला प्रवाह मोजणारा चिमटा, लावला. मोटरीच्या पाटीवर ५ अश्वशक्ती, म्हणजे दांड्यावर ३.७ किलोवॉट, मोटरीतली घट धरली तरी तिने फार तर साडेचार-पावणेपाच किलोवॉट ओढायला हवे होते. प्रत्यक्षात ती पावणेसहा ओढत होती. शेतकऱ्याने सांगितले की मोटर तीनदा जळाली आणि तीनदा वाइंडिंग करून आणली. त्यात व्होल्टेज कमी, नळीच्या पाण्यातल्या टोकाची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, गंजून अर्धी बुजलेली, आणि नळीला दोन अनावश्यक बाक. कागदावरचा पंप आणि विहिरीवरचा पंप यांत इतके अंतर. हे अंतर कधी उलट्या दिशेनेही असते : पाणी आटलेल्या विहिरीवरचा पंप वर्षातले चार महिने बंद असतो, पण गुणाकारात तो चालूच राहतो.

या अंदाजाचा परिणाम शेतीपुरता राहत नाही. वितरण कंपनीने घेतलेल्या विजेतून मोजलेली विक्री आणि अंदाजे शेतीवापर वजा केला, की उरते ती गळती. शेतीवापर फुगवला की गळती कमी दिसते, आणि शेतीवापर कमी धरला की गळती वाढते. म्हणजे शेतकरी किती वीज वापरतो आणि यंत्रणा किती वीज हरवते, या दोन्ही गोष्टी एकाच अंदाजावर लटकलेल्या आहेत. आणि अशा राज्यांच्या बेरजेतून देशाचा आकडा तयार होतो.

आपल्या भागाला या बाबतीत एक मान आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, ज्याला सारे बीईई म्हणून ओळखतात, कृषिपंप बदलण्याचा आपला पहिला पथदर्शी प्रकल्प आपल्या शेजारच्या मंगळवेढ्यात घेतला. २,२०० च्या आसपास पंप त्यात होते. जुना पंप काढून ताऱ्यांचे लेबल असलेला पंप बसवायचा आणि आधी-नंतरचा वापर मोजायचा, अशी कल्पना होती. त्यातून एक गोष्ट ठळक झाली : किती वाचले हे सांगायला आधी किती लागत होते हे ठाऊक असावे लागते, आणि तेच आपल्याला ठाऊक नसते.

आता आपली धास्ती. ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजनेखाली मोफत वीज मिळते. अशा वेळी कुणी मीटर घेऊन दारात आले, की संशय येणे स्वाभाविकच आहे. माझे मत असे की मोजणे आणि आकारणे या दोन गोष्टी सरकारने जाहीरपणे वेगळ्या कराव्यात. प्रत्येक विहिरीवर मीटर नको असेल, तर प्रत्येक रोहित्रावर तरी असावा, आणि त्याचे आकडे गावात वाचून दाखवावेत. वीज फुकट देणे हा राज्याचा निर्णय आहे. ती किती दिली हे न मोजणे हा शेतकऱ्यावरही अन्याय आहे, कारण उद्या गळतीचा बोजा त्याच्याच नावे मांडला जाईल.

प्रश्न : घरातले सगळे दिवे एलईडी केले, तरी वीजबिल वाढलेलेच आहे. मग कार्यक्षमतेने साधले काय? (गृहिणी, रत्नागिरी)

आपल्या घरातले ६० वॉटचे बल्ब गेले आणि तेवढाच उजेड देणारे ९ वॉटचे दिवे आले, ही बचत खरी आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी खरेदीचा जोर असा लागला की २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतला जाणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला, आणि पुढे या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

पण याच काळात आपल्या घरात कदाचित मोठा फ्रिज आला असेल, मिक्सरच्या जोडीला वॉशिंग मशीन आले असेल, कोकणातल्या उकाड्यात पंखा रात्रभर चालत असेल. स्वस्त झालेली गोष्ट माणूस अधिक वापरतो, हे इंग्लंडच्या कोळशाबाबत जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवले होते. याला मी तोटा मानत नाही. २०२३-२४ मध्ये भारतात दरडोई वीजवापर १,४०० युनिटांच्या जवळ पोहोचला होता. जगाची सरासरी याच्या दुपटीहून बरीच अधिक आहे. ज्या देशात अजून असंख्य घरांत एकच पंखा आहे, तिथे वापर वाढणारच, वाढायलाच हवा. भारनियमनाच्या काळात आपल्या खेड्यांतला वीजवापर फार कमी होता, म्हणून ती खेडी कार्यक्षम होती असे कोणी म्हणेल का? अंधारात बसलेल्या घराचा आकडा कमीच येतो. म्हणून ऊर्जा तीव्रतेच्या प्रत्येक तक्त्याशेजारी दरडोई वापराचा आणि वीज किती तास मिळते याचा स्तंभ असल्याशिवाय तो तक्ता मी अपुरा समजतो.

प्रश्न : इथे जर्मनीत सहकारी म्हणतात, भारत एका डॉलरच्या उत्पादनासाठी खूपच जास्त ऊर्जा जाळतो. भारतातले अहवाल म्हणतात, आपण जगाच्या तुलनेत बरे आहोत. खरे कोणाचे? (अभियंता, श्टुटगार्ट)

दोघांचा डॉलर वेगळा आहे. बाजारभावाच्या विनिमय दराने रुपयाचे डॉलर केले, तर भारताचे उत्पादन लहान दिसते आणि तीव्रता फुगते. क्रयशक्तीच्या दराने, म्हणजे तेवढ्या पैशांत प्रत्यक्ष किती वस्तू येतात त्या हिशेबाने केले, तर उत्पादन मोठे दिसते आणि तीव्रता उतरते. २०१७ साली बाजारात डॉलर सुमारे ६५ रुपयांना होता, तर जागतिक तुलना कार्यक्रमाने क्रयशक्तीचा दर २०.६५ रुपये काढला होता. एकाच देशाच्या एकाच वर्षाच्या आकड्यात तिपटीचा फरक पडला तो असा. आंतरराष्ट्रीय तुलनेत क्रयशक्तीचा दर वापरणे अधिक न्याय्य आहे, असे मला वाटते. त्यात पुन्हा जर्मनीत हिवाळ्याचे तापवणे आणि आपल्याकडे उन्हाळ्याचे गारवणे. शिवाय जो देश ॲल्युमिनियम बाहेरून आणतो, त्याने ते वितळवण्याची टनामागची १३-१४ हजार युनिट वीज दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेली असते.

त्यापेक्षा वस्तूला वस्तू लावून पाहावी. सिमेंटमध्ये भारतीय कारखाने जगातल्या उत्तम कारखान्यांच्या बरोबरीचे आहेत. एक टन सिमेंटला साधारण ८० युनिट वीज. पोलादात मात्र आपण मागे आहोत : टनामागे ६ ते ६.५ गिगाकॅलरी, जिथे जगातले चांगले कारखाने ४.५ ते ५ मध्ये काम भागवतात. कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या (खनिजापासून न वितळवता काढलेल्या लोखंडाच्या) लहान भट्ट्या आणि राखेचे प्रमाण जास्त असलेला कोळसा ही त्याची कारणे आहेत. ‘भारत कार्यक्षम आहे का’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही; सिमेंट आणि पोलाद यांना वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि धोरणाला उपयोग त्यांचाच होतो.

प्रश्न : आमचा कारखाना ‘पॅट’ योजनेत होता. त्यातल्या बचतीचे आकडे खरे मानावेत का? (निवृत्त अभियंता, चंद्रपूर)

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, बीईईची स्थापना मार्च २००२ ची, आणि मोठ्या कारखान्यांना उत्पादनाच्या दर टनामागची ऊर्जा घटवण्याचे लक्ष्य देणारी ही योजना २०१२ ची. पहिल्या फेरीत आठ उद्योगांतले ४७८ कारखाने व वीजकेंद्रे होती. लक्ष्याहून अधिक वाचवणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळत आणि कमी पडलेल्याने ती विकत घ्यायची.

मोजमापाच्या दृष्टीने ही योजना मला इतर सर्व योजनांपेक्षा भरवशाची वाटते, कारण ती रुपयावर उभी नाही, टनावर उभी आहे, आणि तिथे बाहेरचा पडताळणी करणारा येऊन मीटर पाहतो. माझी शंका लक्ष्याविषयी आहे. पहिल्या फेरीचे लक्ष्य ६६.८६ लाख टन तेल-समतुल्य (म्हणजे तेवढे तेल जाळून मिळेल इतकी) ऊर्जा वाचवण्याचे होते आणि वाचली ८६.७ लाख टन. सगळ्यांनी मिळून ३० टक्क्यांनी ओलांडले, ते लक्ष्य मुळात सैल होते असे मी समजतो. आता २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर हीच व्यवस्था कार्बन बाजाराकडे, म्हणजे उत्सर्जन-कपातीच्या प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीकडे, वळते आहे आणि लक्ष्य टनामागच्या उत्सर्जनाचे होते आहे. त्यात इंधन बदलूनही लक्ष्य गाठता येईल. ते चांगलेच, परंतु दर टनामागची ऊर्जा नोंदवणे त्या भरात बंद पडू नये. आपल्यासारख्यांनी वीस-वीस वर्षे ठेवलेल्या नोंदवह्या ही या देशाची मोठी ठेव आहे.

प्रश्न : राज्यांच्या निर्देशांकात कधी गोवा पहिला, कधी महाराष्ट्र पहिला असे वाचतो. याचा अर्थ काय घ्यावा? (वाचक, मडगाव)

ते दोन वेगळे निर्देशांक आहेत. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या ऊर्जा व हवामान निर्देशांकात लहान राज्यांत गोवा पहिला होता. त्यात वितरण कंपन्यांची स्थिती, विजेची उपलब्धता, स्वच्छ ऊर्जा, पर्यावरण अशा सहा अंगांपैकी कार्यक्षमता हे एक अंग होते. बीईईचा राज्य ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक निव्वळ कार्यक्षमतेचा आहे. त्याच्या २०२४ च्या आवृत्तीत ६६ निकष होते आणि ऊर्जावापरानुसार राज्यांचे चार गट केले होते. सर्वांत मोठ्या वापराच्या गटात महाराष्ट्र पुढे राहिला.

अभिमान जरूर वाटावा, पण एक भेद ध्यानात असू द्यावा. अशा निर्देशांकात राज्याने केलेले नियम, नेमलेल्या यंत्रणा, राखून ठेवलेला निधी यांना बरेच गुण असतात. इमारतींसाठी ऊर्जा संहिता लागू केली याचे गुण मिळाले, तरी त्या संहितेप्रमाणे उभ्या राहिलेल्या इमारतीत चौरस मीटरमागे किती युनिट लागतात, हे स्वतंत्रपणे मोजावेच लागते. पहिले प्रयत्नाचे माप आहे, दुसरे परिणामाचे.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा योजनेचे वीजबिल फार येते. देशाचे राहू द्या, आमच्या गावाने आपली कार्यक्षमता कशी मोजावी? (सरपंच, सातारा जिल्हा)

सरपंचसाहेब, आपल्याकडे मीटर आहे, टाकी आहे, एवढे पुरेसे आहे. एक दिवस टाकी रिकामी करून पंप सुरू करा. सुरू करताना मीटरचे वाचन लिहा, टाकी भरल्यावर पुन्हा लिहा. टाकी ५० हजार लिटरची असेल आणि २० युनिट लागले असतील, तर हजार लिटरला ०.४ युनिट पडले.

आता हे बरे की वाईट ते पाहा. हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला निसर्गाचा दर ०.००२७ युनिट आहे. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची आणि नळीतल्या घर्षणाची भर मिळून ४० मीटर धरली, तर आदर्श हिशेब ०.११ युनिटांचा होतो. आपल्याला ०.४ लागले, म्हणजे चार युनिटांतले जेमतेम एक युनिट पाण्याच्या कामी आले. चांगला पंप आणि चांगली मोटर असेल तर निम्मी वीज पाण्यापर्यंत पोहोचायला हरकत नाही, म्हणजे हजार लिटरला ०.२२ युनिट.

ही मोजणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी, कारण विहिरीची पातळी बदलते. त्याच वहीत दुसऱ्या रकान्यात दरडोई किती लिटर पाणी मिळाले तेही लिहावे, नाही तर पाणी कमी सोडूनच बिल कमी केल्याचे समाधान होईल. आकडा ०.३ च्या वर असेल, तर आधी फूट व्हॉल्व्ह काढून साफ करावा, नळीची गळती शोधावी, आणि मग पंपाकडे वळावे. पुण्यात मुख्यालय असलेली राज्याची ऊर्जा विकास संस्था, महाऊर्जा, अशा कामांत मार्गदर्शन करते. पहिल्या दोन वाचनांचे आकडे या सदराकडे पाठवलेत, तर पुढच्या अंकात आपण त्यांवरच बोलू.